उणे १९ आणि "जास्त पाणी पिणारी" बॅटरी: ट्रकबरोबरचे सहा दिवस

बॅटरीला गावाचं नाव कळत नाही, तिला फक्त पारा कळतो, म्हणून या लिखाणात गावांची नावं टाकत नाहीये. सपाटीवरून निघालो, वर चढलो, खिंड ओलांडली आणि पलीकडे उतरलो, एवढा भूगोल पुरे. मी धंद्याने ऑटो इलेक्ट्रिशियन, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), डायनॅमो (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा), वायरिंग हे रोजचं, पण इतकी वर्षं शेडमध्ये बसून लोकांना "थंडीत बॅटरी सांभाळा" म्हणणारा मी कधी स्वतः थंडीत बॅटरीशेजारी झोपलो नव्हतो. दादांची ट्रक निघणार होती, दादा म्हणाले चल की सोबत, निघालो. ट्रकवर दादा, त्यांचा क्लीनर छोट्या आणि मी.

दिवस पहिला, सकाळी २६ अंश

गाडी म्हणजे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, २४ व्होल्टची सिस्टीम, त्यासाठी १२ व्होल्टच्या १८० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे किती करंट किती तास पुरेल तो साठा) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला दुसरी जोडून, एकेक पंचेचाळीस किलोच्या आसपास. दोन उन्हाळे काढलेल्या. दादांनी गाडी आणून लावली, इंजिन बंद केलं आणि मी लगेच दोन टोकांना मीटर लावला, २५.६ व्होल्ट, म्हटलं टकाटक आहे, काही बघायची गरज नाही. या एका वाक्यात मी दोन चुका केल्यात, त्या चौथ्या दिवशी उणे १४ मध्ये माझ्या लक्षात आल्या, तेव्हा सांगतो.

झाकणं उघडली. मागच्या बॅटरीत पाणी बरोबर, पुढचीत मात्र प्लेटा जेमतेम बुडालेल्या. दादा म्हणाले, "ही जरा जास्त पाणी पिते, पहिल्यापासून सवय आहे तिला." मी पण मान डोलावली, डिस्टिल्ड वॉटर ओतलं आणि झाकणं लावून मोकळा झालो. आता लिहिताना स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते, एकाच ट्रकवर, एकाच डायनॅमोवर चार्ज होणाऱ्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीलाच कशी काय "सवय" असेल?

बाकी काम मात्र नीट केलं. बॅटरीच्या वर धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर होता, छोट्याला गंमत दाखवली, मीटरची काळी पिन निगेटिव्हवर ठेवली आणि लाल पिन नुसती झाकणाच्या प्लास्टिकवर टेकवली तर मीटरवर १.४ व्होल्ट. पोरगं चाटच पडलं, प्लास्टिकमधून करंट? प्लास्टिकमधून नाही रे, त्या घाणीतून, आणि ही गळती रात्रंदिवस चालू असते, किल्ली काढली तरी. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासलं, झाकणं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर ॲसिडच मारेल. टर्मिनलवरची हिरवट पांढरी बुरशी गेली, मग कोरडं पुसून, लग (वायरच्या टोकाची पकड) आवळून, वरून पेट्रोलियम जेली. आधी आवळायचं मग जेली, उलटं नाही. बॅटरी ट्रेमध्ये हलत होती, तिचा क्लॅम्प आवळला, कारण खडखड खड्ड्यांत बॅटरी नाचली की प्लेटांवरचा माल झडून तळाला बसतो.

त्या दिवशी बाकी काही लिहिण्यासारखं नाही, सरळ रस्ता, केबिनमध्ये गाणी, दादांची म्युझिक सिस्टीम जबरदस्त आहे. ती पण लक्षात ठेवा.

दिवस दुसरा, संध्याकाळी ४ अंश

चढ सुरू झाला आणि पारा घसरायला लागला. दादांचं म्हणणं असं की थंडी बॅटरी मारते. सगळेच ड्रायव्हर असं म्हणतात आणि ते खोटं पण नाही आणि खरं पण नाही. मारतो तो उन्हाळा. उष्णतेत आतली जाळी गंजते, पाणी उडतं, ठोकताळा असा की तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य अर्धं. पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं त्यामुळे अर्धमेली बॅटरी पण काम ढकलून नेते, आणि पहिल्या गारठ्यात पितळ उघडं पडतं. आजार वैशाखातला, बोंब पौषात.

थंडीत होतं काय, तर आतली रासायनिक क्रिया मंदावते. ढोबळमानाने शून्य अंशाला बॅटरीची सेल्फ मारायची ताकद ६५ टक्क्यांवर येते आणि उणे १८ ला ४० टक्क्यांवर. तिकडे इंजिनचं ऑइल घट्ट झालेलं असतं, त्याला फिरवायला लागणारा जोर उणे १८ ला जवळपास दुप्पट. म्हणजे एकीकडे कमाई निम्म्याहून कमी आणि दुसरीकडे खर्च डबल. त्यात डिझेलला स्पार्क नाही, हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल मारायचं, इंजिन हळू फिरलं तर हवा तापायच्या आतच गार होते, मग नुसतं फिरत राहतं, पेट काही घेत नाही. बॅटरीवर सीसीए म्हणून जो आकडा असतो ना तो याचसाठी, उणे १८ अंशाला १२ व्होल्टची बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, तेवढा तो आकडा. लोक एएच बघून बॅटरी घेतात, थंडीत जाणार असाल तर सीसीए पण बघा.

मुक्कामाला गाडी लागली आणि छोट्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन निघाला, म्हणे पुढचीत थोडं कमी वाटतंय. त्याला थांबवलं. थंडीत रात्री गाडी लावल्यावर पाणी टाकायचं नाही. पाणी ॲसिडपेक्षा हलकं, ते वरच तरंगतं, चार्जिंग चालू झालं की मगच मिसळतं, आणि रात्रीत शून्याच्या खाली गेलं तर वरचा तो साध्या पाण्याचा थर गोठतो. टाकायचंच तर सकाळी गाडी चालू झाल्यावर, पुढे दिवसभर चालणार असेल तेव्हा.

दुसरं, कट-ऑफ स्विच, म्हणजे बॅटरी गाडीपासून तोडणारा. दादांनी इंजिन बंद केलं आणि छोट्याने लगेच फटकन कट-ऑफ मारला. नव्या गाड्यांत असं करू नये, इंजिन बंद झाल्यावर धूर साफ करणाऱ्या युरियाचा पंप लाइनमधलं युरिया मागे टाकीत ओढून घेतो, त्याला दोन-तीन मिनिटं द्या मग कट-ऑफ. युरियाचं पाणी उणे ११ ला गोठतं, लाइनमध्ये राहिलं तर वेगळीच डोकेदुखी.

रात्री केबिनमध्ये दादांनी एक नवीन वस्तू काढली, १२ व्होल्टवर चालणारी गरम होणारी चादर. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावली आणि झोपले. मला हेवा वाटला. कट-ऑफ बंद असताना ती चादर गरम कशी काय होतेय हा प्रश्न मला, इलेक्ट्रिशियनला, पडला नाही. झोप आली होती.

दिवस तिसरा, पहाटे उणे ६

सेल्फ मारला तर घ्रूं… घ्रूं… घ्रूं… अशी दमेकरी चाल, आठव्या-नवव्या सेकंदाला गाडी लागली. दादा माझ्याकडे बघायला लागले, मी बॅटरीकडे.

परत बंद करून पाच मिनिटांनी मीटर लावला, २४.९. पाऊण चार्ज, थंडीत चालायचंच असं मनाशी म्हणून मी बॅटरी सोडून केबलच्या मागे लागलो. हे काम मला आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १७.६ व्होल्ट आणि त्याच वेळी सेल्फच्या मोटरवर १६.३. मधले १.३ व्होल्ट वाटेत गायब. शेकडो अँपिअर वाहत असताना जोडात जरासा गंज असला तरी तिथे व्होल्ट खाल्ले जातात आणि नुसती उष्णता होते. कुठे खाल्ले जातायत ते शोधायला मीटर एकाच वायरच्या दोन टोकांना लावायचा, एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (लगवर नाही, खांबावर), दुसरी सेल्फच्या बोल्टवर, आणि दादांना म्हणायचं मारा. पॉझिटिव्ह बाजूला ०.३. मग निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक, तिथे १ व्होल्ट. सापडलं. चेसिसला जिथे अर्थ (निगेटिव्हची वायर) कसली होती तिथे खाली रंग आणि वर गंज, बोल्ट वरून चकचकीत, आत बोंब. उघडून पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासलं, परत कसली, एकूण ड्रॉप ०.४ वर आला. हात इतके गारठलेले की पाना धरलाय की नाही हे बघून कळत होतं, स्पर्शाने नाही.

गाडी दुसऱ्या सेल्फला पटकन लागली, दादांनी पाठीवर थाप मारली. इंजिन गरम होतं म्हणून पटकन लागली हे मला कळायला हवं होतं. खरा दोष सापडला होता हे बरोबर, पण एक दोष सापडला म्हणजे दुसरा नाहीच असं थोडंच असतं, आणि मी नेमका तिथेच थांबलो.

चालू गाडीवर चार्जिंग बघितलं, २८.२. सपाटीवर ठीक आहे हो, पण बॅटरी गार पडली की तिला पूर्ण भरायला वरचं व्होल्टेज लागतं, शून्याच्या आसपास एक व्होल्टभर तरी जास्त. आणि डायनॅमोचा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ठरवणारा) बसतो गरम इंजिनपाशी, त्याला वाटतं उन्हाळाच आहे. वर घाटात गाडी कमी वेगात, ब्लोअर चालू, लाइट चालू, वायपर चालू, म्हणजे जेवढं सेल्फने खाल्लं तेवढं दिवसभरात परत भरेलच याची खात्री नाही. थंडीत बॅटरी घेताना पण चिकटपणा करते आणि देताना पण.

रात्री परत चादर.

दिवस चौथा, पहाटे उणे १४

टक. टक टक टक टक टक.

बस, एवढंच. सेल्फचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) नुसता वाजतोय, डॅशबोर्डचे दिवे मारताच विझतायत, परत पेटतायत. दादांनी तीन वेळा मारला, चौथ्यांदा मी हात धरला. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर मारायचा नाही आणि मध्ये दोन मिनिटं थांबायचं, बॅटरीला दम घेऊ द्यायचा आणि सेल्फची मोटर जळू द्यायची नाही. पण इथे तर फिरतच नव्हतं.

दादा म्हणाले उतार आहे, गडगडत सोडू, गिअरमध्ये लागेल. एअर प्रेशरचा काटा बघितला तर रात्रभरात हवा उतरलेली, स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की आपोआप लागणारे) जाम, गाडी इंचभर हलणार नाही. हवा हवी तर कॉम्प्रेसर हवा, कॉम्प्रेसर हवा तर इंजिन हवं. आणि हलली असती तरी खाली ब्रेकला हवा नसताना वीस-पंचवीस टनांचा धूड घाटात सोडायचा, नको रे बाबा.

मग बॅटरी बॉक्स उघडला आणि या वेळेला जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. पुढची १२.६०. मागची १२.०६.

तिथेच बॉक्सपाशी उकिडवा बसून राहिलो थोडा वेळ. पहिली चूक ही, दोन्हींची बेरीज मोजली, बेरीज चांगली दिसते कारण एक भरलेली दुसरीचं पाप झाकते. दुसरी चूक, गाडी बंद केल्या केल्या मोजलं, तेव्हा प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो, तो मीटरला फसवतो. एकतर काही तास थांबायचं नाहीतर दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून मग मोजायचं. ही गोष्ट मी पोरांना शिकवतो बरं का.

हायड्रोमीटर काढला, म्हणजे ॲसिडचा दाटपणा (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी, बॅटरी जितकी भरलेली तितकं ॲसिड दाट. पुढची १२८५, मागची ११९५ (आम्ही असंच बोलतो, म्हणजे १.२८५ आणि १.१९५). पण थंडीत ॲसिड घट्ट होतं, हायड्रोमीटर खरं असेल त्यापेक्षा जास्त दाखवतो, २७ अंशापासून दर दहा अंश खाली सात पॉइंट वजा करायचे. बॅटरी हवेपेक्षा हळू गार होते, आतलं ॲसिड उणे ८ होतं, म्हणजे पंचवीस पॉइंट वजा. खरा हिशोब १२६० आणि ११७०. पुढची जवळजवळ फुल, मागची ४० टक्क्यांच्या पण खाली. आणि याच्यात दुसरी भीती, फुल बॅटरी उणे ५० ला पण गोठत नाही पण ग्रॅव्हिटी उतरली की गोठणबिंदू वर येतो, १२०० ला साधारण उणे २७ आणि ११५० ला उणे १५. आमची मधोमध कुठेतरी. पुढच्या रात्री खिंडीपाशी उणे २० च्या आसपास जाणार असं सगळे सांगत होते.

आता एकच का उतरली? मागच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि पुढचीचा निगेटिव्ह यांना जोडणारी जी मधली वायर असते, तिच्या लगखाली एक बारीक लाल वायर दाबलेली दिसली. ओढत गेलो तर सरळ केबिनमध्ये. म्युझिक सिस्टीम, मोबाईल चार्जर, लायटर सॉकेट, सगळं २४ मधून कन्व्हर्टर न लावता एका बॅटरीवरून १२ काढून जोडलेलं. कट-ऑफ पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह लाइनला, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंधच नाही, कट-ऑफ मारा नाहीतर न मारा, ही वायर चोवीस तास जिवंत.

"दादा, हे कोणी केलं?"

"गाडी घेतली तेव्हाच केलंय. सगळे असंच करतात."

खरंय, सगळे असंच करतात. आणि त्याने होतं असं, गाणी वाजतात मागच्या बॅटरीवर, पण चार्जिंग होतं दोन्हींचं एकत्र, कारण सिरीजमध्ये दोघींतून करंट एकच जातो. पुढची आधीच भरलेली, तिच्यात तो करंट जिरत नाही, ती उकळते, पाणी बुडबुडे होऊन उडतं. मागची कायम उपाशी, अर्धपोटी राहून राहून प्लेटांवर सल्फेट बसतं. म्हणजे पुढचीला पाणी प्यायची "सवय" नव्हती, शेजारणीचं जेवण जबरदस्तीने तिच्या तोंडात कोंबलं जात होतं. पहिल्या दिवशी पाण्याची पातळी बघूनच हे ओळखता आलं असतं. आणि त्यावर कळस म्हणजे चादर, ४५ वॅट, म्हणजे पावणेचार अँपिअर, नऊ तास झोप म्हणजे एका रात्रीत ३४ एएच, दोन रात्रींचे ६८, सगळं एकाच बॅटरीतून आणि तेही नेमकं सगळ्यात थंड तासांत.

छोट्या हळूच म्हणाला, "म्हणजे दादा गरम झाले आणि बॅटरी गार." दादा हसले नाहीत.

नऊच्या सुमारास खालून एक पिकअप आली. दादा म्हणाले जाऊ दे तिला, बारा व्होल्टची गाडी, आपल्या काय कामाची. एरवी बरोबर, १२ ची गाडी २४ च्या ट्रकला जम्प देऊ शकत नाही, पण आपल्याला २४ नको होते, आपल्याला मागची एकटी बॅटरी भरायची होती आणि तिचा निगेटिव्ह चेसिसलाच. थांबवली. आधी मागच्या बॅटरीची सहाही झाकणं उघडून टॉर्चने बघितलं, बर्फाचा कण नाही ना, पोट फुगलेलं नाही ना. मग पिकअपचा पॉझिटिव्ह आधी, मधल्या जोडणीवर, आणि निगेटिव्ह सगळ्यात शेवटी, बॅटरीवर नाही तर हातभर लांब चेसिसच्या उघड्या लोखंडावर, कारण शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो. लाल वायर त्याच्या आधीच उपटून टाकली होती.

पिकअप थोडा रेस देऊन पाऊण तास चालू ठेवली. सुरुवातीला बॅटरी करंट घेईना, गार होती, मग हळूहळू घ्यायला लागली. पिकअपवाल्याने एकदाही घड्याळ बघितलं नाही, देव भलं करो. तोवर ऊन इंजिनवर आलं. चिमटे काढले (सेल्फ मारताना ते लावून ठेवले असते तर पिकअपच्या डायनॅमोवर आलं असतं), दादांना म्हटलं क्लच पूर्ण दाबून ठेवा, गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ऑइल कशाला फिरवायचं, हीटरचा दिवा विझू द्या, मग मारा. घ्रूं, घ्रूं, घ्रूं, घ्रूं… बाराव्या सेकंदाला एक सिलिंडर पेटला, पांढरा धूर, मग दुसरा, मग सगळे. छोट्याने अशी आरोळी ठोकली की पिकअपवाला दचकला.

त्या दिवशी तीनच तास चाललो, मुद्दाम. वीज असलेल्या मुक्कामाला लवकर थांबलो, दोन्ही बॅटऱ्या काढल्या, काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी फटाका होत नाही. पंचेचाळीस किलोचं एकेक धूड हातात धरून आत नेलं, अंगाला न टेकवता, ॲसिड कपड्यांना भोकं पाडतं. कोणीतरी म्हणालं जमिनीवर ठेवू नका, उतरते. जुन्या काळच्या रबरी डब्यांची ती गोष्ट, आताच्या प्लास्टिकला फरशीने काही होत नाही. दोन-तीन तास नुसती ठेवून तिची थंडी जाऊ दिली, मग मागच्या एकटीला १२ व्होल्टचा चार्जर, १५ अँपिअर, खिडकी उघडी ठेवून. १८० एएचच्या बॅटरीला हाच वेग ठीक, घाईने भरायला गेलं तर नुसती तापते. लेड ॲसिड बॅटरी पहिल्यांदा बनवली गॅस्टन प्लांटेने, १८५९ साली, आणि मला वाटतं तेव्हापासून तिचं एकच मागणं आहे, हळू आणि पूर्ण भरा.

दादा त्या रात्री दोन साध्या घोंगड्या घेऊन झोपले. काही बोलले नाहीत.

दिवस पाचवा, पहाटे उणे १९

मागची १२५५ वर आली होती, दुरुस्त हिशोबाने. पुरेसं, पण एका चार्जिंगने जुनं सल्फेट निघत नाही, ती थोडी लंगडीच राहणार, आणि आता बदलायची झाली तर दोन्ही एकदम, एक नवी एक जुनी केली की परत हाच खेळ.

दोन्ही बॅटऱ्या रात्रभर आत, ८ अंशांत. बाहेर उणे १९ मध्ये नेऊन बसवल्या आणि दहा मिनिटांत सेल्फ मारला. एवढं शिसं आणि ॲसिड गार व्हायला तास न् तास लागतात, त्यामुळे इंजिनसाठी उणे १९ पण बॅटरीसाठी अजून ८ च. सहा सेकंद. मी मोजत होतो. ज्यांना रोज बॅटरी काढणं जमणार नाही त्यांनी निदान बॉक्सला आतून फोमची शीट लावावी आणि वाऱ्याच्या आडोशाला गाडी लावावी. वाऱ्याने बॅटरी हवेपेक्षा गार होत नाही पण लवकर गार होते, आणि ती पहाटेपर्यंत तग धरणार की मध्यरात्रीच थंडगार पडणार हे त्यावर ठरतं.

खिंडीच्या थोडं अलीकडे एक ट्रक उभा, ड्रायव्हर हात करतोय. दोन दिवसांपासून अडकलेला, केबिनचा दिवा चालू राहिला म्हणे. जम्प द्या म्हणाला. आमचीही २४, त्याचीही २४, केबल पण होती, दादा काढायला पण लागले. मी बॉक्स उघडला, एका बॅटरीची बाजू पोट फुगल्यासारखी बाहेर आलेली, झाकण उघडलं तर आत ॲसिड नाही, करड्या बर्फाचा गोळा. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरतं, ती उणे ७ ते १० लाच गोठायला लागते. अशीला करंट द्यायचा नाही म्हणजे नाही, आत गॅस अडकून फुटू शकते, आणि ॲसिड तोंडावर येतं. बॅटरी बाजूला काढून नुसत्या केबलवर चालू करू का असं तो म्हणाला, ते पण नाही, बॅटरीशिवाय डायनॅमो चालवला तर व्होल्टेज वाटेल तसं उडतं आणि इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. त्याला पटत नव्हतं. दादांचा जीव तुटत होता, मला तर वाईट माणूस झाल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्याला आमच्या केबिनमध्ये घेतला, पलीकडच्या बाजूला नव्या बॅटऱ्या मिळण्याच्या ठिकाणी सोडायचा ठरवून. वाटेत त्याने विचारलं की रात्रभर इंजिन चालूच ठेवलं असतं तर? ठेवतात लोक, तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं, आयडलला डायनॅमो पुरेसा देत नाही, आणि एक्झॉस्टभोवती बर्फ साचला तर धूर केबिनमध्ये. झोपेत कळत पण नाही.

खिंडीचं वर्णन करायला हवं खरं, पण मी सगळा वेळ व्होल्टमीटर बघत होतो.

दिवस सहावा, दुपारी १७ अंश

उतरलो. त्या ड्रायव्हरला सोडलं. २४ ते १२ चा कन्व्हर्टर मिळाला, तो दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर, कट-ऑफच्या पुढे, फ्यूज टाकून बसवला, मधल्या जोडणीवर आता काहीही नाही. छोट्याने एका वहीत रोजचे दोन आकडे लिहायला घेतलेत, पुढची इतकी, मागची इतकी, वेगवेगळी, सकाळी सेल्फच्या आधी. आजचे १२.६३ आणि १२.५५.

दादांनी गाणी लावून बघितली, वाजली. मग इंजिन बंद केलं, तीन मिनिटं थांबले, कट-ऑफ मारला, गाणी पण बंद.

"म्हणजे रात्री चादर पण बंद?"

"कट-ऑफ मारला की बंद."

"आणि नाही मारला तर?"

मी हिशोब सांगितला, आता तेच ४५ वॅट २४ वरून, दोन अँपिअरच्या आसपास, रात्रीचे अठरा एएच, पण दोघींतून सारखे. शून्याच्या वर असेल तर चालेल, वर खिंडीत नाही. दादांनी चादरीची घडी घातली, उशीखाली ठेवली आणि छोट्याला म्हणाले, "वहीत लिही, हवा किती आहे ते पण."